माझ्या टोकाला पडलेला पीळ

मला वायर म्हणू नका. वायर कपडे वाळत घालायला असते. मी केबल आहे, मित्रांनो, आणि तीसुद्धा साधीसुधी नाही, कोअ‍ॅक्सियल केबल. जीभ वळत नसेल तर नुसतं केबल म्हणा, मी ओ देईन. आता माझं वय झालंय, साल ठिकठिकाणी तडकली आहे, थंडीत सांधे कुरकुरतात. तोंड मात्र अजून चालतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आधी माझी घडण सांगते. अगदी मधोमध तांब्याची एक तार. तिच्याभोवती दुधी प्लास्टिकचं गुबगुबीत अंग. त्यावर तांब्याच्या बारीक तारांची वेणीसारखी विणलेली जाळी, आणि सगळ्यांत वर काळी साल. मधली तार बातमी घेऊन धावते आणि जाळी तिला सांभाळते. आतलं बाहेर सांडत नाही, बाहेरचं आत शिरत नाही. पाऊस पडो, बर्फ पडो, शेजारून ट्राम खडखडत जावो, मला त्याचं काही नाही. अट एकच. तार आणि जाळी यांनी जन्मभर शेजारी राहायचं, पण एकमेकींना शिवायचं नाही. पुढचं सगळं रामायण या एका अटीवरून घडलं.

माझा जन्म १९४५ सालचा, न्यू जर्सीतल्या एका कारखान्यातला. पुरुष लढाईवर गेलेले, त्यामुळे मला घडवलं ते बायकांनी. डोक्याला रुमाल, ओठांना लाली, आणि हात असे चालायचे की यंत्रालाच धाप लागावी. मी लढाऊ जहाजावर जाणार होते, रडारच्या कामाला. काय माझा तोरा! पण मी रिळावर गुंडाळून तयार होते न होते तोच लढाई संपली. सगळे रस्त्यावर नाचले. मीही नाचले असते, पण मला गोदामात टाकलं होतं. चार वर्षं तिथे पडून राहिले. एकदा एक उंदीर माझ्या सालीची चव पाहून गेला. त्याला मी आवडले नाही, एवढाच काय तो दिलासा.

त्या अंधारात मला आमच्या घराण्यातल्या थोरल्यांची फार आठवण यायची. रेडिओ केंद्रांत यंत्रापासून उंच मनोऱ्यापर्यंत आमच्याच कुळातल्या केबली धावत. १९३६ साली तर आमच्यातल्या एका थोरलीला न्यूयॉर्कपासून फिलाडेल्फियापर्यंत जमिनीखालून नेलं. एकाच वेळी कितीतरी माणसं तिच्यातून टेलिफोनवर बोलायची आणि एकाचं बोलणं दुसऱ्यात मिसळायचं नाही. पुढच्या वर्षी तिच्यातून हलती चित्रंसुद्धा पाठवून पाहिली. आणि मी? मी उंदराशी बोलत होते.

तिथून मला सोडवलं एडना प्रोसरनं. पेनसिल्व्हेनियातल्या हॅरो गॅप नावाच्या कोळशाच्या गावात तिचं रेडिओचं दुकान होतं. चाळिशीची, वेल्श खाणकामगाराची मुलगी, लढाईच्या काळात कारखान्यात रेडिओ जोडायला शिकलेली. कानामागे पेन्सिल आणि जिभेवर धार. आता तिला टीव्ही विकायचे होते. पण टीव्हीचं चित्र यायचं फिलाडेल्फियाहून, आणि मध्ये आडवा डोंगर. गावात टीव्ही लावला की पडद्यावर नुसता बर्फ, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांची भुरभुर. बाहेर बर्फ, घरात बर्फ, कोण विकत घेणार?

मग एडनानं डोंगरमाथ्यावर एरिअल उभारलं. चित्र तिथे छान पकडलं जायचं, ते गावात आणायचं कसं एवढाच प्रश्न. आधी तिनं चपटी दुपदरी वायर टाकली. (बघा, वायर!) उन्हात चित्र झकास. चार थेंब पडले की बातम्या देणारा माणूस वाहून गेला. बायकांनी दुकानात येऊन तिला असं काही फैलावर घेतलं की तिनं तडक गोदाम गाठलं आणि मला ट्रकमध्ये घातलं.

डोंगरावरून गावात मला आणलं डिनी कॉनाहननं. हा एडनाचा एकुलता एक कामगार. खांबावर चढायला पटाईत, आणि चढल्यावर गप्प बसायला अगदी नालायक. धावता धावता माझाही दम संपतो, म्हणून ठरावीक अंतरावर खांबाला एकेक बूस्टर लावला. त्यातल्या काचेच्या नळ्या तापल्या की माझ्या थकलेल्या बातमीला पुन्हा जोर यायचा. बूस्टरला घर हवं म्हणून एडनानं टपालपेट्या वापरल्या. पहिल्याच आठवड्यात एकीत दोन पत्रं निघाली. डिनी म्हणाला, "बाई, पत्रंसुद्धा हिच्यातूनच पाठवू का?"

आणि मग चित्र आलं. भर पावसात आलं! एडनाच्या दुकानाच्या काचेला नाकं लावून माणसं उभी होती. एक बाई तर पडद्यातल्या माणसाला हात हलवून दाखवत होती. काय सांगू तुम्हाला, तो दिवस माझ्या आयुष्यातला सोन्याचा दिवस. जहाज गेलं खड्ड्यात, मी म्हटलं, मला हेच गाव पाहिजे.

आता खरी गोष्ट. १९५१ चा फेब्रुवारी. मी गावभर पसरत पसरत अगदी तळाच्या गल्लीपर्यंत पोचले. शेवटच्या बूस्टरनंतर चौदा घरं, आणि चौदावं घर काझिस रुडमिनासचं. काझिस लिथुएनियाहून तरुणपणी आलेला. सव्वीस वर्षं खाणीत सुरुंग लावायचं काम केलं. त्याच्या हाताखाली एकही माणूस दगावला नाही, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. पण कोळशाची धूळ छातीत बसली ती बसलीच. आता दहा पावलं चालला की भिंत धरायचा, आणि खोकला सुरू झाला की बायको अगोता चूल सोडून धावत यायची. थंडीत घराबाहेर पडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्यांची मुलगी ब्रोने फिलाडेल्फियात मोजे विणायच्या गिरणीत होती. गोड गळ्याची पोर. हौशी गायकांच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात तिची निवड झाली होती. शनिवारी संध्याकाळी सात वाजता, एक गाणं. चर्चमध्ये ती गायची तेव्हाही गायकवृंदाच्या माडीखाली बसून काझिसला तिचा आवाज तेवढा यायचा, चेहरा दिसायचा नाही. गाताना ती कशी दिसते हे त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आता एडना त्याला टीव्ही देणार होती, आणि तो माझ्याकडे डोळे लावून बसला होता. जहाजावरसुद्धा माझ्यावर इतकी जबाबदारी पडली नसती.

गुरुवारी डिनीनं मला खिडकीच्या चौकटीतून त्यांच्या बैठकीत घेतलं. टीव्ही शनिवारी येणार होता. तोवर माझं टोक उघडं ठेवून चालत नाही. टोकाशी पोचलेली बातमी कुणी पिऊन टाकली नाही, तर ती तशीच मागे फिरते. म्हणून डिनीनं माझी तार आणि जाळी यांच्यामध्ये एक बारीक तपकिरी रोधक बसवला. जवाच्या दाण्याएवढा. त्याचं काम एवढंच, की आलेली बातमी पोटात घ्यायची आणि गप्प बसायचं.

"हे काय चिकटवलंस?" काझिसनं विचारलं.

"हे टोक आहे, काका. बंदोबस्त केलाय. हात लावायचं काम नाही."

"एवढंसं?"

"एवढंसंच लागतं." असं म्हणून डिनी अगोतानं दिलेला कुगेलिस, म्हणजे बटाट्याचा भाजलेला वडीसारखा तुकडा, तोंडात कोंबून निघून गेला. समजावून सांगायला तोंड रिकामं नव्हतं, आणि तिथेच घोळ झाला.

डिनीची पाठ वळली आणि काझिस माझ्याजवळ गुडघे टेकून बसला. त्यानं मला न्याहाळलं. दोन उघडी टोकं, मध्ये जवाचा दाणा. त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. मित्रांनो, खाणीत सुरुंगाच्या दोन तारा येतात ना, त्यांची टोकं कधीही उघडी सोडत नाहीत. एकमेकींना घट्ट पीळ घालून ठेवतात. चुकार वीज कुठून आली तरी ती पिळातच विरते आणि सुरुंग अवेळी उडत नाही. स्फोट करायच्या क्षणीच पीळ सोडायचा. सव्वीस वर्षं त्यानं हेच केलं होतं, आणि हाताखालच्या प्रत्येकाला हेच शिकवलं होतं.

"अगोता, आजकालची पोरं!" तो म्हणाला. "उघडी टोकं ठेवून गेला. घरात बाईमाणूस वावरतंय, काही अक्कल?"

त्यानं तो रोधक अलगद काढून तंबाखूच्या डबीत ठेवला. मग माझी तार आणि माझी जाळी एकत्र धरली आणि असा सुरेख, असा घट्ट पीळ घातला म्हणता! वरून फडक्याची पट्टी गुंडाळली. मी आतल्या आत किंचाळले, पण मला ओरडता येत असतं तर टीव्ही कशाला लागला असता?

बातमी माझ्या टोकाशी यायची, पिळावर आदळायची आणि आल्या पावली परत फिरायची. चाललेली आणि परतलेली एकमेकींत मिसळायच्या. झालं! त्याच संध्याकाळी तळाच्या गल्लीत बोंबाबोंब सुरू झाली. कुणाच्या पडद्यावर चित्र मेलं. कुणाच्या पडद्यावर प्रत्येक माणसाच्या उजव्या हाताला त्याचीच फिकट सावली उभी राहिली. या सावलीला धंद्यात भूत म्हणतात. एडना दारात उभी राहून म्हणाली, "काळजी करू नका, भूत आहे," आणि नवव्या घरातली मिसेस गॅलाघर तीर्थाची बाटली घेऊन टीव्हीवर शिंपडायला निघाली.

"पाणी नको!" एडना असं ओरडली की बाटली पडलीच. जमिनीवर, देवाची कृपा.

शुक्रवारी दिवसभर डिनी आणि एडना माझे सांधे उघडत होते. हा सांधा बर्फात केला होता, तो घाईत केला होता. माझ्या अंगावर नुसती कापाकापी.

"तू शेवटचं टोक नीट बंद केलंस ना?" एडनानं खांबाखालून विचारलं.

"आईची शपथ, बाई! या हातांनी केलंय."

"तुझ्या हातांचीच मला भीती वाटते."

पण शपथ घेतली म्हणून तिनं टोकाकडे पाहिलं नाही, आणि डिनी खोटं बोलत नव्हता, ही खरी पंचाईत. बिघाड सापडेपर्यंत टीव्ही आणून उपयोग नाही, म्हणून काझिसच्या घरी कुणी फिरकलंही नाही.

शनिवारी दुपार झाली तरी भुतं जागेवरच. वरच्या गावात चित्र स्वच्छ होतं. डिनी टोपी काढून काझिसच्या दारात आला. "काका, दुकानात चला. अंगाभोवती चार घोंगड्या गुंडाळतो आणि पाठीवर बसवून नेतो. पायऱ्या मी चढतो, तुम्ही फक्त मानेला धरा."

"मी काय कोळशाचं पोतं आहे?"

"पोतं गप्प असतं हो, तुम्हाला नेणं जास्त अवघड."

काझिस हसला आणि लगेच खोकला आला. बराच वेळ थांबेना. अगोतानं त्याला पाणी पाजलं आणि डिनीला मान हलवून नाही म्हटलं. बाहेरच्या हवेत हा माणूस वरपर्यंत पोचायचा नाही, हे डिनीलाही दिसलं. "मला कळेल हो नंतर, ती कशी गायली ते," काझिस म्हणाला. "लोक सांगतील." इतकं मवाळ बोलताना त्याला कुणी कधी ऐकलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. हातभर अंतरावर होते मी, आणि सांगता येत नव्हतं.

मग वाचवलं कुणी? मिसेस गॅलाघरनं! साडेपाच वाजता ती आणि पहिल्या घरातली मिसेस स्टुपाक रस्त्यात भांडत उभ्या होत्या.

"तुमच्याकडे फार त्रास म्हणे! माझ्याकडे येऊन बघा," मिसेस स्टुपाक म्हणाली. "माझं भूत माणसापासून चांगलं बोटभर लांब उभं असतं."

"त्यात काय नवल? माझं तर खेटूनच असतं! नाकाला नाक! कोण कुठला तेच कळत नाही."

"माझ्या भुताची सर तुमच्या भुताला नाही."

एडना खांबाला टेकून चहा पीत होती. कप तोंडाशी तसाच राहिला. "काय म्हणालीस? इथे बोटभर, आणि तिथे खेटून?" ती पहिल्या घरात घुसली, मोजपट्टी लावून भूत मोजलं. चौथ्या घरात मोजलं. नवव्यात मोजलं. गल्लीच्या टोकाकडे जावं तसं भूत माणसाच्या जवळ सरकत होतं. म्हणजे बातमी टोकावर आपटून परत येत होती. टोक जितकं जवळ, तितकी ती लवकर परते आणि तितकी सावली जवळ पडे.

"डिनी!" असा आवाज हॅरो गॅपनं त्याआधी कधी ऐकला नसेल. "टोक! टोक! टीव्ही घेऊन ये!"

ती बैठकीत धावत आली, माझ्यापाशी वाकली आणि पट्टी सोडली. आतला पीळ पाहून तिनं डोक्यालाच हात लावला.

"हे कुणी केलं?"

"मी," काझिस अभिमानानं म्हणाला. "त्या पोरानं उघडं टाकलं होतं. घाबरू नकोस पोरी, मी पक्कं बांधलंय. आता कुणाच्या जिवाला धोका नाही."

डिनी टीव्ही उचलून दारात पोचला होता. त्याला हसू आवरेना. एडनानं नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि तो टीव्ही ठेवायला जागा शोधू लागला. हळूहळू काझिसच्या ध्यानात आलं. त्याचा हात छातीशी गेला. "म्हणजे... गल्लीतली चित्रं... मीच?"

एडना त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. "काझिस, माझे वडील तुमच्या पाळीत होते. ते रोज संध्याकाळी घरी आले. ते का आले, हे मला माहीत आहे." मग तिनं नाक ओढलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पण माझ्या केबलीत सुरुंगाची दारू भरलेली नाही. आता सोडा तो पीळ. तुम्हीच सोडा, तुमच्याइतका मऊ हात इथे कुणाचा नाही."

आणि खरंच, मित्रांनो, त्यानं तो पीळ असा सोडवला की माझी एक तारही तुटली नाही. सात वाजायला दहा मिनिटं होती. डिनीनं मला टीव्हीला जोडलं. तोवर बैठकीत सगळी गल्ली जमली होती. आपापल्या घरात चित्र लख्ख झालेलं, तरी सगळ्यांना इथेच बसायचं होतं. मिसेस गॅलाघर पहिल्या रांगेत. अगोतानं सगळ्यांपुढे कुगेलिस ठेवला आणि एकानंही खाल्ला नाही, असं त्या घरात प्रथमच घडलं.

आणि मग ब्रोने आली. डोंगरावरून, सगळ्या टपालपेट्यांतून, माझ्या प्रत्येक सांध्यातून धावत आली आणि पडद्यावर उभी राहिली. एकटी, शेजारी भूतबित काही नाही. फिकट झगा, हात पुढे गुंफलेले. "वाळली पोर," अगोता म्हणाली. "शू!" सगळी गल्ली म्हणाली.

ब्रोने गाऊ लागली. उंच सुरावर जाताना तिच्या भुवया वर जात होत्या, अगदी काझिससारख्या. तो पुढे सरकून बसला होता, दोन्ही मुठी गुडघ्यांवर आवळलेल्या. त्याचा चेहरा लाल झाला. कपाळावरची शीर फुगली. अगोताच्या हातात पाण्याचा पेला तयार होता, पण तो खोकला नाही. एक कडवं झालं, दुसरं झालं. तीन मिनिटं त्या घरात तिच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता.

गाणं संपलं, पडद्यावर टाळ्या वाजल्या, आणि मग त्याला असा खोकला आला की खुर्ची हलली. डोळ्यांतून पाणी, तोंडावर हसू, दोन्ही एकदम. अगोता पाठ चोळत रागानं म्हणाली, "अरे, दाबून का धरलास इतका वेळ? मरायचंय का?"

"ती गात होती ना," काझिस म्हणाला.

त्या दिवसानंतर मी पुष्कळ वर्षं काम केलं. माझ्यातून निवडणुका गेल्या, बेसबॉलचे सामने गेले, माणूस चंद्रावर गेला तोही माझ्यातूनच त्या गल्लीला दिसला. आता खांबावरून काचेच्या बारीक तंतूच्या केबली धावतात. चपळ पोरी आहेत, माझा त्यांच्यावर राग नाही. मी जुन्या खिळ्याला लटकलेली असते, आणि येणारे-जाणारे मला ओढून बघतात, तेवढं मात्र करू नका. दुखतं.

आणि आणखी एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस तुमच्या नव्याकोऱ्या वस्तूला भलतीच गाठ मारून ठेवेल, आणि ती वस्तू बंद पडेल. हसू आलं तर जरूर हसा, मीही पोट धरून हसले. पण ती गाठ सोडवण्याआधी त्याच्याजवळ जमिनीवर बसा आणि विचारा, या गाठीनं आजवर किती माणसं घरी परत आली.